निळ्या उजेडातले चाळीस सेकंद

चष्मेवाल्याला त्रिकुटातून काढायचं ठरलं मंगळवारी आणि कला केंद्राचं पत्र आलं गुरुवारी. दोन दिवस आधी आलं असतं तर मास्तरने तोंडच उघडलं नसतं. आठ दिवस उशिरा आलं असतं तर चष्मेवाल्याला ते दिसलंही नसतं. पण पत्रांना कुठे पाचपोच असतो.

आधी ही माणसं कोण ते बघू.

मास्तर पियानो वाजवतो. पोटासाठी तो लहान मुलांना पियानो शिकवतो, त्यामुळे चाळिशीच्या आतच त्याला दिसेल त्या माणसाला "पाठ सरळ" म्हणायची सवय लागलीय. ड्रम वाजवणारी पार्सल ऑफिसात खोकी लावते, म्हणून तिचं नावच पार्सल. तिची हरकत नाही, फोन उचलतानाही ती "पार्सल बोलतेय" असंच म्हणते. आणि तिसरा आपला चष्मेवाला. तो डबल बेस वाजवतो. डबल बेस म्हणजे माणसाहून उंच व्हायोलिन समजा, उभं धरायचं आणि बोटांनी तारा छेडायच्या. दिवसभर तो चष्म्याच्या दुकानात मागच्या अंधाऱ्या खोलीत बसतो, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगं सरकवतो आणि विचारतो, "पहिलं बरं की दुसरं?" दिवसातून तीनेकशे वेळा. त्याला स्वतःला काय बरं वाटतं हे कुणी विचारत नाही, आणि विचारलंच तर त्याला सांगता येत नाही.

तिघं मिळून जॅझ वाजवतात, तेही आयत्या वेळी सुचेल ते. समोर कागद नाही, ठरलेली चाल नाही. नियम एकच. एकाने पुढे व्हायचं, काहीतरी सुरू करायचं, बाकी दोघांनी त्याला धरून चालायचं. त्याचं संपलं की दुसऱ्याने पुढे व्हायचं.

चष्मेवाला सहा वर्षांत एकदाही पुढे झाला नव्हता. डोळे मिटून, ओठ आत ओढून तो दोघांच्या मागून चालायचा. चालायचा मात्र सुंदर. मास्तरने कुठल्याही गल्लीत वळावं, हा सावलीसारखा मागे हजर. सुरुवातीला मास्तरला ते फार आवडायचं. मग नुसतं आवडायचं. मग एके दिवशी त्याला सावलीचाच कंटाळा आला.

तर मंगळवारी क्लास सुटल्यावर, मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसलेले असताना, मास्तरने विषय काढला. दुसरा एक बेसवाला बघून ठेवलाय, तो म्हणाला. जरा आगाऊ आहे, पण आगाऊच हवाय.

"तू वाईट वाजवतोस असं नाही रे," मास्तर म्हणाला. "तू वाजवतच नाहीस. तू नुसती मान डोलावतोस. तारांनी."

चष्मेवाल्याने मान डोलावली.

लागलं नाही असं नाही. मंगळवारची संध्याकाळ ही त्याच्या आठवड्यातली एकच जागा होती जिथे त्याला कुणाला काही विचारावं लागत नसे. ती गेली की उरणार काय, तर सहा दिवसांचं पहिलं आणि दुसरं. पण भांडतात कसं हेच त्याला ठाऊक नव्हतं. तुला बरं वाटेल ते कर, असं म्हणून तो उठला, आणि बायकोला ही गोष्ट सांगायला त्याने दुसरा अख्खा दिवस घेतला.

गुरुवारी पत्र.

मास्तरने चार महिन्यांपूर्वी समकालीन कला केंद्राला एक रेकॉर्डिंग पाठवलं होतं, पंचवीस मिनिटांचं. पाठवून तो विसरूनही गेला होता. आता केंद्राने कळवलं होतं की निवड समितीला ते बेहद्द आवडलंय, रविवारी दुपारी चार वाजता मोठ्या हॉलमध्ये कार्यक्रम. का आवडलं तेही लिहिलं होतं. अकराव्या मिनिटाला सुरू होणारे चाळीस सेकंद. "या चाळीस सेकंदांत तिन्ही कलाकार नेतृत्वाचा त्याग करतात," पत्रात होतं, "आणि श्रोता एका सामूहिक संकोचाच्या अवकाशात उभा राहतो." समितीतल्या दोघांना रडू आलं होतं.

तिघांनी रेकॉर्डिंग लावून अकरावं मिनिट ऐकलं. पार्सल हसायला लागली ती बुटक्या खुर्चीवरून खाली घसरली.

कारण त्या दिवशी झालं होतं असं. मास्तरला वाटलं आता पार्सल पुढे होणार, म्हणून तो मागे सरला. पार्सलला वाटलं मास्तर जरा दम घेऊन परत येतोय, म्हणून तीही थांबली. चष्मेवाला तर मागेच होता. दारात तीन पाहुणे "तुम्ही आधी, नाही नाही, तुम्ही आधी" करत उभे राहतात आणि आत कुणीच जात नाही, तसे चाळीस सेकंद गेले. मधूनच पियानोचा एखादा सूर, ड्रमवर ब्रशची जराशी खरखर, बेसचं एखादं "हूं". शेवटी मास्तरला शिंक आली, शिंकताना त्याचा हात पियानोवर आपटला आणि गाडी पुढे सरकली. समितीने शिंकेचीही दखल घेतली होती. तिचं नाव होतं श्वासाचा स्फोट.

थोडक्यात, ती चूक होती. तिघांनी मिळूनमिसळून केलेली, निर्भेळ चूक.

पत्राच्या शेवटी दोन अटी होत्या. कार्यक्रम पाठवलेल्या नमुन्याबरहुकूम, म्हणजे त्या रेकॉर्डिंगसारखाच व्हावा, आणि कलाकार तेच तिघे असावेत. मास्तरने पत्र दोनदा वाचलं आणि चष्मेवाल्याला बस म्हणाला, जरी तो बसलेलाच होता. मग त्याने सांगितलं, की दुसऱ्या बेसवाल्याला त्याने तूर्त थांबवून ठेवलंय. हे जमलं तर समिती आणखी तीन केंद्रांना शिफारस करणार आहे, म्हणजे वर्षभर हेच चाळीस सेकंद.

"आणि या कामाला तुझ्यासारखा माणूस नाही," मास्तर म्हणाला. "पुढे न होणं तुझ्या रक्तात आहे. रविवारी जमवलंस तर तू आमच्यात कायमचा."

"आणि नाही जमलं तर?"

"तर मंगळवारचं तसंच राहील."

ज्या दोषापायी परवा गचांडी मिळाली होती, त्याच्याच जोरावर आज जागा पक्की होत होती. चष्मेवाल्याने फार विचार केला नाही. पडत्या फळाची आज्ञा समजून बेस उचलला.

शुक्रवारी ते केंद्र बघायला गेले. सगळं सिमेंट उघडं ठेवलेली इमारत, आणि दार असं की ढकलायचं का ओढायचं ते कळू नये. लिफ्ट बंद होती. म्हणजे बिघडली नव्हती, लिफ्टमध्ये एका कलाकाराचं प्रदर्शन चालू होतं. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकवून ठेवली होती, तेच प्रदर्शन. बेस जिन्याने तीन मजले चढवावा लागला.

संचालकबाई फार प्रेमाने बोलल्या. त्यांनी सांगितलं की आयत्या वेळच्या सर्जनावर केंद्राचा संपूर्ण विश्वास आहे, फक्त ते आधी मंजूर झालेलं असावं. मागच्या वर्षी एक गृहस्थ आले आणि पाऊण तास स्टेजवर नुसते बसून राहिले. प्रेक्षकांची तक्रार नव्हती, पण पत्रकात "गायन" छापलेलं होतं आणि वरून विचारणा झाली. तेव्हापासून नमुना सक्तीचा. दिवेसुद्धा त्यांनी रेकॉर्डिंगवरून बसवून घेतले होते. पहिला सूर वाजला की घड्याळ सुरू, बरोबर अकरा मिनिटांनी निळा उजेड, चाळीस सेकंद, मग पांढरा. लाइटवाला म्हणाला की एकदा कंप्युटर सुरू केला की तो थांबत नाही, आणि तो स्वतः त्या वेळात खाली चहाला जातो.

पार्सलने विचारलं की आम्ही तोवर अकराव्या मिनिटाच्या जागी पोचलोच नाही तर काय. लाइटवाल्याने तिच्याकडे असं पाहिलं, जणू सांगत होता की स्टेशन गाडीकडे येत नसतं, गाडीने स्टेशनात यायचं असतं.

मग सुरू झाली तालीम, न जमण्याची तालीम. शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी दिवसभर. आणि त्यांच्या लक्षात आलं की चुकून मागे राहणं सोपं आहे, ठरवून मागे राहणं महाकर्मकठीण. तिघं थांबले की कुणाचा ना कुणाचा सूर जरा लवकर पडायचा आणि बाकी दोघं इमानदारीत त्याच्या मागे लागायचे. मग भांडण. तू पुढे झालास. मी नाही, तू झालीस. मी तर फक्त पाय हलवला. पाय कशाला हलवलास? चौथ्या खेपेला मास्तर म्हणाला, आता आकड्यांनी करू, मी तीन मोजले की सगळ्यांनी मागे. पार्सलने विचारलं, मोजणारा तू, मग पुढे कोण झालं? मास्तरने पियानोचं झाकण आपटलं.

त्यातल्या त्यात चष्मेवाल्याचं बरं चाललं होतं. तो काही करायचाच नाही. मास्तर शनिवारी दोनदा म्हणाला, याच्याकडून शिका जरा.

घरी त्याने बायकोला हे सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली की आपल्या घरात नऊ वर्षं हेच चाललंय. सुट्टीत कुठे जायचं, तू म्हणशील तिथे. भिंतीला रंग कुठला, तुला आवडेल तो. "तेव्हा कुणाला रडू आलं नाही," ती म्हणाली. "बोलव तुझ्या समितीला. बसू दे आपल्या बैठकीत चाळीस मिनिटं."

तो हसला. पण ती हसली नव्हती हे त्याला जरा वेळाने कळलं.

रविवारी हॉल भरला. गादीच्या चौकोनी ठोकळ्यांवर लोक पाठीला टेकू नसल्यामुळे पुढे वाकून बसले होते, त्यामुळे सगळेच फार तल्लीन दिसत होते. प्रत्येकाच्या हातात घडीचं पत्रक. त्यात चाळीस सेकंदांवर दोन पानी लेख होता, आणि शेवटी विनंती की निळा उजेड येताच डोळे मिटावेत आणि कुणीही पुढे नसण्याचा अनुभव घ्यावा. पत्रकं शेवटच्या रांगेपर्यंत पुरली नाहीत.

संचालकबाईंचं प्रास्ताविक झालं. ते कार्यक्रमाच्या निम्म्याएवढं होतं. मग पहिला सूर पडला आणि घड्याळ सुरू झालं.

तिघंही धास्तावलेले, त्यामुळे सुरुवात गोगलगायीची झाली. नमुन्यात चौथ्या मिनिटाला जिथे पोचले होते तिथे ते आज सातव्याला पोचले. मग मास्तरला घाई झाली. आठव्या मिनिटापासून तो सुटला. पार्सल त्याच्या मागे, चष्मेवाला दोघांच्या मागे, डोळे गच्च मिटलेले, बोटं आपोआप पळतायत. अकरावं मिनिट संपता संपता तिघं असे भरधाव होते की थांबायचं म्हटलं तरी फर्लांगभर पुढे जाऊनच थांबले असते. आणि नेमका तेव्हा निळा उजेड आला.

मास्तरने हात वर घेतले. पार्सलने काठ्या वर घेतल्या. दोघं आज्ञाधारकपणे मागे झाले.

चष्मेवाल्याचे डोळे मिटलेले. त्याला उजेडबिजेड काही दिसलं नाही. त्याला एवढंच कळलं की अचानक खोली मोकळी झालीय आणि तिच्यात एकच आवाज आहे. जाड, खालचा, लाकडी. आवाज चांगला होता. कुणाचा आहे हे ओळखायला त्याला दोन-तीन सेकंद लागले.

मग त्याने डोळे उघडले. त्याचे हात निळे. मास्तर निळा, हात हवेत धरून त्याच्याकडे बघतोय, आणि भुवयांनी सांगतोय, थांब. पार्सलही बघत होती, पण ती काही सांगत नव्हती.

आता थांबायला काय लागतं. बोट उचललं की झालं. अजून तीस-पस्तीस सेकंद बाकी होते, तेवढ्यात सगळं नमुन्यासारखं करून घेता आलं असतं, आणि मंगळवार कायमचा त्याचा झाला असता. चालू ठेवलं तर मंगळवार गेला. हे त्याला अगदी स्वच्छ दिसत होतं, पहिलं आणि दुसरं, शेजारी शेजारी.

पण त्याच्या बोटांत चार सुरांची एक ओळ आली होती. काही मोठी नव्हे. किल्ली हरवलेला माणूस एकेक खिसा चाचपतो तशी ओळ. वरचा खिसा, मागचा खिसा, पुन्हा वरचा. चष्मेवाल्याला वाटलं, एवढा एक खिसा बघू. मग वाटलं, अजून एक. तो मास्तरच्या भुवयांकडे बघत बघतच वाजवत राहिला, आणि ओळ वर चढत गेली, अडखळली, खाली बसली, परत उठली. किल्ली काही सापडली नाही, पण चाचपण्यातच इतकी मजा होती की त्याने तोंडाने हलकेच "हां" म्हटलं.

समोर दोनशे माणसं डोळे मिटून, कुणीही पुढे नसल्याचा अनुभव घेत होती.

चाळीस सेकंद संपले. उजेड पांढरा झाला. मास्तर काय करणार बिचारा, ठरलं होतं ते त्याने केलं. शिंकला. खोटी, कोरडी शिंक, आणि हात पियानोवर आपटला. हॉलभर एकदम श्वास सुटला. पुढची चौदा मिनिटं कशी गेली ते तिघांपैकी कुणालाच आठवत नाही.

नंतर ठोकळ्यांवरच चर्चा झाली. संचालकबाईंचे डोळे ओले होते. एक गृहस्थ उठले, पत्रक गुंडाळून मुठीत धरलेलं, आणि म्हणाले की निळ्या उजेडात खरोखरच कुणी पुढे नव्हतं, हे तुम्ही साधता कसं. माइक चष्मेवाल्याच्या हातात होता, कारण मास्तरने तो घ्यायला हातच पुढे केला नव्हता.

"मी होतो पुढे," चष्मेवाला म्हणाला.

लोक हसले. मग टाळ्या. गृहस्थांनी मान हलवत "वा" केलं. संचालकबाईंनी सांगितलं की हा मिश्कीलपणाही त्या त्यागाचाच भाग आहे.

शेवटच्या रांगेतली एक बाई उठली. मला तर त्या मोठ्या व्हायोलिनचाच आवाज येत होता, ती म्हणाली, बाकी दोघं नुसते बघत होते. संचालकबाईंनी तिला समजावलं की ऐकू येणं वेगळं आणि पुढे असणं वेगळं, आणि पत्रक मिळालंय का असं विचारलं. मिळालं नव्हतं. मग तिला एक आणून देण्यात आलं. ते वाचून बाई हळूहळू खाली बसली.

कपडे बदलायच्या खोलीत तीन खुर्च्या होत्या. एकीला नंबराची चिठ्ठी लावलेली, त्यामुळे तिच्यावर बसायचं की तिच्याकडे बघायचं हे न कळून तिघंही उभेच राहिले.

"उजेड दिसला होता?" मास्तरने विचारलं.

नाही म्हटलं असतं तरी भागलं असतं. मास्तरला बहुतेक तेच हवं होतं, त्याने प्रश्न तसाच विचारला होता.

"आधी नाही दिसला. मग दिसला."

"तरी थांबला नाहीस."

"नाही."

मास्तर बराच वेळ टॉवेलने मान पुसत राहिला. मग तो म्हणाला की चांगलं वाजवलंस. फार चांगलं वाजवलंस. सहा वर्षं मी याचीच वाट बघितली आणि तुला नेमका आजचा दिवस सापडला. तेवढ्यात संचालकबाईंनी दारातून डोकं आत घातलं. तिन्ही केंद्रांचा होकार आलाय, त्यांनी सांगितलं, अर्थात त्याच चाळीस सेकंदांसाठी. फक्त तिथे बेस थोडा हळू ठेवता आला तर बघा. आणि त्या गेल्या.

"ऐकलंस ना," मास्तर म्हणाला. आवाज रागाचा नव्हता, थकलेला होता. "मला आता पुढे न होणारा माणूस लागणार. आणि तू त्यातला राहिला नाहीस."

चष्मेवाल्याची मान सवयीने हलायला लागली. खाली गेली, आणि तिथेच थांबली.

"ठीक आहे, तू तुझं ते कर," तो म्हणाला. "मी मंगळवारी सहाला दुकानाच्या मागच्या खोलीत वाजवणार आहे."

"कुणाबरोबर?" पार्सलने विचारलं.

"तू आलीस तर तुझ्याबरोबर. नाही आलीस तर एकटा."

पार्सल काठ्या पिशवीत कोंबत म्हणाली की सहाला ती येईल, पण त्या अंधारात तिला भिंगं दाखवत बसायचं नाही.

मास्तर एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिला. "अरे, आणि मी काय करू? तिन्ही केंद्रांत एकटाच संकोचत बसू?"

पार्सलने पिशवीच्या तोंडाला गाठ मारली.

"मंगळवारी सहाला माझा क्लास असतो," मास्तर म्हणाला. "तुला माहितीये."

यापुढचं वाक्य तिघांनाही पाठ होतं. मग तुला जमेल तेव्हा, असं चष्मेवाल्याने म्हणायचं असतं. पार्सल त्याच्या तोंडाकडे बघत होती. त्याने बेसच्या खोळीची चेन खालपासून वरपर्यंत ओढली, मग पट्टा खांद्यावर घेतला.

"साडेसहा?" मास्तरने विचारलं.

"सहा. आणि तिथे पियानो मावणार नाही, तुझा तो छोटा कीबोर्ड आण."

मास्तरने टॉवेल चिठ्ठीवाल्या खुर्चीवर टाकला, खिशातून फोन काढला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. कुणातरी विद्यार्थ्याच्या आईला तो विचारत होता की मंगळवारऐवजी बुधवार चालेल का.